डॅलिंग्टनची दुसरी सीट

दसऱ्याच्या सकाळी आमच्या मिरजेच्या घरासमोर चार माणसं नटूनथटून उभी होती आणि गाडीत जागा होती एकाची.

सासूबाई हिरव्या जरीच्या लुगड्यात, हातात औक्षणाचं तबक. माझे धाकटे दीर दिगूभाऊजी इस्त्रीच्या शर्टात, डोळ्यांवर काळा चष्मा. गल्लीच्या तोंडाशी सतारी-तंबोरे बनवणारे हुसेनचाचा ठेवणीतली शेरवानी घालून, अत्तर लावून आलेले. शेजारचे बँडवाले दामूअण्णा तर बँडचा लाल कोटच चढवून आले होते, खांद्यांवरच्या सोनेरी झुपक्यांसकट. चौघंही एकमेकांकडे बघून गोड हसत होते आणि बाकीचे तिघं एवढे का नटलेत, या विचारानं आतून अस्वस्थ होत होते.

मधोमध गाडी. लालभडक, ठेंगणी, दोन दारांची, दोन सीटची, डोक्यावर टप नसलेली विलायती डॅलिंग्टन. चाकांखाली लिंबं ठेवलेली, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, आणि समोरच्या जाळीवर सासूबाईंनी स्वतः ओवलेला झेंडूचा हार. हार एवढा जाड होता की जाळी कुठे आहे ते शोधावं लागत होतं.

मी पायरीवर उभी राहून हे सगळं बघत होते. खरं तर मजा वाटायला हवी होती. पण मला राग आला होता आणि रागापेक्षा वाईट जास्त वाटत होतं. या चौघांनाही ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, एकच शब्द दिला होता: "पहिल्या फेरीला दुसरी सीट तुमची." चौघांनीही ते मला वेगवेगळं गाठून, आवाज खाली आणून, कुणाला बोलू नका म्हणून सांगितलं होतं. मला मात्र ह्यांनी तोंडदेखलंसुद्धा विचारलं नव्हतं. मला बसायला मिळालंच पाहिजे असा काही हट्ट नव्हता. एकदा विचारावं, एवढंच.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली, पण ती सकाळ आठवली की मला अजून झेंडूचा वास येतो.

हे हायस्कुलात ड्रॉइंग शिकवायचे. उंची अशी की कुठलाही पायजमा घोट्याच्या वरच थांबायचा. स्वभाव इतका भिडस्त की दारावर आलेल्या फेरीवाल्याला नको म्हणता येत नसे, त्यामुळे आमच्या घरात माणशी एक पोळपाट झाला होता. मालगावच्या एका द्राक्षबागायतदाराच्या शेडमध्ये ह्यांना ही गाडी दिसली. त्याच्या आजोबांनी हौसेनं आणलेली, मग पडून राहिलेली. आत कोंबड्या अंडी घालत होत्या. ह्यांनी म्हणे गाडीभोवती एक चक्कर मारली आणि "काय रेषा आहे!" म्हणून खालीच बसले. बागायतदाराच्या दिवाणखान्यात भिंतभर द्राक्षाचा मळा रंगवून दिला आणि त्या बदल्यात गाडी मिळवली.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून ती दारात उतरली तेव्हा सासूबाई बाहेर आल्या.

"मुकुंदा, काय हे?"

"गाडी आहे, आई."

"बाकीची कुठंय?"

"हीच सगळी."

सासूबाईंनी वाकून आत बघितलं. आतून एक कोंबडी बाहेर आली, तिनं सासूबाईंकडे बघितलं आणि ती गल्लीत निघून गेली.

"घरात माणसं चार आणि सीटा दोन?" सासूबाई म्हणाल्या. "इंग्रजांना आई नसते का रे?"

पण महिन्याभरात त्याच सासूबाई मांडीवर रेक्झिन घेऊन बसलेल्या मला दिसल्या. सीटांच्या आतला काथ्या उंदरांनी नेला होता. सासूबाईंनी माळ्यावरच्या जुन्या गाद्या उसवल्या, कापूस पिंजून आणला आणि सीटा शिवायला घेतल्या. बटणं टाचता टाचता मला जवळ बोलावून म्हणाल्या, "कुणाला बोलू नकोस हो. पहिल्या फेरीला मुकुंदा मला बसवणार आहे."

दिगूभाऊजींचं शेतीच्या पंपांच्या दुरुस्तीचं दुकान होतं. इंजिन त्यांनी खोललं, धुतलं, पुसलं आणि पुन्हा जोडलं. जोडून झाल्यावर एक मूठभर नट उरले, ते त्यांनी ज्यादाचे म्हणून बाजूला ठेवले. गाडीचा सेल्फ मात्र कायमचा गेला होता. "धक्क्यावर सुरू होईल वहिनी, काळजी नको," ते म्हणाले, आणि मग हळूच, "दादानं दुसरी सीट मला कबूल केलीय."

गाडीच्या पत्र्याखाली लाकडाचा सांगाडा होता, तो वाळवीनं खाल्ला होता. हुसेनचाचांनी तो नव्यानं बनवला. पण ज्या हातांनी जन्मभर तंबोरे केले ते हात सांगाड्यावर कसे थांबणार? त्यांनी गाडीच्या डॅशबोर्डवर वेलबुट्टी कोरली, पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी बसवली आणि लाखेचं पॉलिश असं चढवलं की त्यात तोंड दिसावं. गाडीला खुंट्या आणि तारा तेवढ्या लावायच्या राहिल्या. दिगूभाऊजींनी पहिल्यांदा इंजिन चालू केलं तेव्हा चाचा डोळे मिटून ऐकत बसले आणि म्हणाले, "दिगू, चढी लागतेय. थोडी उतरव."

"चाचा, हे इंजिन आहे."

"म्हणूनच सांगतो. लांबचा प्रवास चढ्या सुरात होत नाही."

दामूअण्णांनी दिवे घासून चकचकीत केले आणि हॉर्न दिला. मूळचा हॉर्न सापडला नव्हता, म्हणून बँडमधल्या एका जुन्या कर्ण्याला रबरी फुगा बसवला. तो दाबला की लग्नाची वरात आल्यासारखं वाटायचं. "सीट माझी हाय बरं का," दामूअण्णाही मला सांगून गेले. "मास्तरांनी शबूद दिलाय."

नाही म्हणायचा ह्यांचा धर्मच नव्हता, आणि द्यायला ह्यांच्याकडे होतं काय, तर एक सीट. ती त्यांनी चार वेळा दिली.

गाडी चालवायचं काय, असं कुणी विचारलं की हे म्हणायचे, "ती सोय झालेली आहे." रोज संध्याकाळी सायकल काढून कुठेतरी जायचे आणि अंधार पडता पडता परत यायचे. ड्रायव्हिंग शिकायला जात असणार, असं आम्ही सगळ्यांनीच धरून चाललो. त्यात ड्रायव्हरच्या सीटवरून एकदा सासूबाईंशी वाद झाला.

"अरे, एवढी उंच गादी? आणि पुढे इतकी सरकवून? तुझे पाय कुठे मावायचे?"

"आई, मापानं सांगतोय. अजून दोन बोटं कापूस भर."

"तुझं डोकं काचेच्या वर जाईल."

"जाऊ दे."

"मास्तर माणूस," सासूबाई मला म्हणाल्या, "ह्याला हत्ती काढता येतो, पण अंबारीचं माप कळत नाही."

त्याच दिवसांत ह्यांनी मला एकदा दुपारी हाक मारली. भिंतीशी पाट मांडला होता. "बस," म्हणाले, "पाय समोर भिंतीला टेकव. हात असे पुढे धर. हलू नको." हात लांब करून, एक डोळा मिटून, पेन्सिलीनं मापं घेत राहिले. मी आपली पदर सारखा करून, चेहरा हसरा ठेवून बसले. लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांनी मुलांच्या वह्यांत कावळे-चिमण्या काढल्या, बागायतदाराची द्राक्षं काढली, माझं चित्र कधी काढलं नव्हतं. मला फार आनंद झाला. पण ते चित्र काही मला दिसलं नाही. दोनदा विचारलं, दोनदा "होईल, होईल" म्हणाले. मग मी विचारणं सोडलं, आणि तोही सल त्या सीटच्या सलाशेजारी जाऊन बसला.

आता जे सांगायचं ते माझ्या माहेरचं. कराडला आमचा सोड्याचा कारखाना होता. गोळीच्या बाटल्या. वडिलांना मुलगा नव्हता आणि बाटल्या पोचवायला ड्रायव्हर टिकत नव्हता, म्हणून लष्करातून निघालेली जुनी जीप मी चालवायची. उंची कमी, म्हणून बुडाखाली पोत्याची घडी घ्यायची. मसूर, उंब्रज, ओगलेवाडी, सगळे रस्ते मला पाठ. जीपवर माझा एवढा जीव होता की बाकी काही नसतं तरी चाललं असतं.

हे मला बघायला आले तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "काय काय येतं?" मी स्वयंपाक, विणकाम सांगितलं आणि न राहवून म्हणाले, "आणि जीप येते."

सासूबाईंनी पोह्यांची बशी खाली ठेवली. "आमच्याकडे गाड्या बायका चालवत नाहीत," त्या म्हणाल्या. त्यांच्याकडे गाडी नव्हतीच, पण ते सांगायची सोय नव्हती.

ह्यांनी मग एकच प्रश्न विचारला, "त्या रस्त्यांवर बाटल्या किती फुटतात?"

"एकही नाही," मी म्हणाले.

हे नुसते हसले. लग्न ठरलं. जीप कराडला राहिली, मी मिरजेला आले, आणि तो विषय पुन्हा आमच्या घरात निघाला नाही.

तर दसऱ्याची सकाळ.

हे नवीन पायजमा-झब्बा घालून बाहेर आले, चौघांना एकत्र उभे बघितलं आणि पायरीवरच थबकले.

"ये मुकुंदा," सासूबाई म्हणाल्या. "मी बसते, मग तू बस."

"आई, तू?" दिगूभाऊजींनी चष्मा काढला. "दादा, सीट मला कबूल केली होतीस ना?"

"तुला कशी?" चाचा म्हणाले. "मास्तर, आपलं बोलणं झालेलं. माझ्या दुकानात. चहा पीत."

"वो मास्तर," दामूअण्णांचे झुपके थरथरायला लागले, "मी कोट धुवून आणलाय की!"

आता सगळ्यांना सगळं कळलं. चौघंही ह्यांच्याकडे बघायला लागले. हे आभाळाकडे बघायला लागले. मला वाटलं, बरी खोड मोडली, आणि त्याच वेळी ह्यांची दयाही आली.

"तुम्ही आधी स्वतः तरी बसा," दामूअण्णा शेवटी म्हणाले. "मग दुसरीचं बघू."

"माझ्या बसण्याचा तसा काही..." हे म्हणाले.

"बसा हो!"

भिडेखातर हे बसायला गेले. एक पाय आत घातला, दुसरा घातला, आणि मग कुठलाच पाय हलेना. गुडघे हनुवटीला टेकले, स्टिअरिंग पोटात रुतलं, काच छातीशी आली. हारातलं झेंडूचं एक फूल उडून ह्यांच्या डोक्यावर पडलं. सासूबाई "सांगितलं होतं, सांगितलं होतं" म्हणायला लागल्या. चौघांनी चार बाजूंनी धरून ह्यांना ओढलं. दामूअण्णांच्या कोपरानं हॉर्न दाबला गेला, आणि गल्लीतली माणसं वरात बघायला घराबाहेर आली.

"अरे, मग तू चालवणार कशी ही?" सासूबाईंनी विचारलं.

"मी कुठं चालवणार आहे?" हे पायजमा झटकत म्हणाले. "मला येते कुठं?"

सासूबाईंनी तबक एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

"मग रोज संध्याकाळी कुठं जात होतास?"

"गणेश तळ्यावर बसायला. घरी थांबलो की कोणीतरी येऊन सीटचं विचारायचं."

मी पायरीवरून खाली उतरले. का उतरले ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. गाडीपाशी गेले आणि आत वाकले. क्लचवर, ब्रेकवर, ॲक्सिलेटरवर लाकडाचे गुळगुळीत ठोकळे बसवलेले होते, लाखेचं पॉलिश केलेले.

"ते मास्तरांनी मागितले," चाचा मागून म्हणाले. "माप त्यांचंच. मला वाटलं, विलायती पद्धत असेल."

मी दार उघडून आत बसले. पाय सरळ ठोकळ्यांवर जाऊन टेकले. हात लांब केले, स्टिअरिंग हातात आलं. काचेतून समोरचा रस्ता पोत्याच्या घडीशिवाय दिसत होता. पाट, भिंत, पेन्सिल, एक मिटलेला डोळा, सगळं मला एकदम आठवलं. ते चित्र माझंच होतं. मी त्यात बसले होते.

"अहो," मी म्हणाले, "मला सांगायचं नाहीत का?"

ह्यांना खरंच आश्चर्य वाटलं. "तुला काय सांगायचं? चालवणार तूच, हे ठरलेलंच होतं. प्रश्न होता तो दुसऱ्या सीटचा."

मला रडू यायला लागलं. पण रडायची वेळ नव्हती, कारण सगळे आता सासूबाईंकडे बघत होते. घरात गाडीही आली होती आणि चालवायला बाईही बसली होती. सासूबाईंच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते मी बघत होते. त्या नाही म्हणाल्या असत्या तर मी उतरले असते, हे मला ठाऊक होतं आणि ह्यांनाही.

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग स्वतः शिवलेल्या सीटकडे बघितलं. मी चालवणार नाही तर कुणीच चालवणार नाही, आणि कुणीच चालवणार नाही तर वर्षभर मनात धरलेली फेरी गेली, हा हिशेब त्यांच्या डोक्यात फिरताना मला दिसला.

"साडेतीन मुहूर्तांतला दिवस," त्या शेवटी म्हणाल्या. "आजच्या दिवशी कशाला नाही म्हणायचं नसतं." आणि दार उघडून, तबक सांभाळत, माझ्या शेजारी येऊन बसल्या.

"पण आई, सीट..." दिगूभाऊजी म्हणाले.

"गाडी धक्क्यावर सुरू होते ना? मग मी का धक्का मारू, या वयात?"

दिगूभाऊजी, चाचा आणि दामूअण्णा निमूटपणे मागे गेले. हेही गेले.

"पदर खोच, हेमा," सासूबाई म्हणाल्या.

मी पदर खोचला, चावी फिरवली, क्लच दाबून दुसरा गिअर टाकला. मागून चौघांनी जोर लावला. चारही लिंबं चिरडली. गाडी घरंगळली, वेग आला, मी क्लच सोडला. गाडीनं एक उचकी दिली, मग दुसरी, आणि मग पंप, तंबोरा आणि बँड एकदम सुरू झाल्यासारखा आवाज करत ती निघाली.

"वहिनी, बंद करू नका!" दिगूभाऊजी मागून ओरडले. "बंद केली तर पुन्हा..."

पुढचं ऐकू आलं नाही.

बंद करायची नाही म्हणजे थांबायचं नाही. लक्ष्मी मार्केटपाशी आपट्याची पानं विकणाऱ्यांची ही गर्दी. मी हॉर्न दाबला. माणसं वरात समजून दोन्ही बाजूंना झाली आणि नवरा-नवरी बघायला वाकली. आत त्यांना तबक धरलेल्या सासूबाई दिसल्या. निरांजन तर गल्लीतच विझलं होतं. सासूबाई डोळे घट्ट मिटून रामरक्षा म्हणत होत्या. स्टेशनच्या वळणावर त्यांनी एक डोळा उघडला. सांगलीच्या रस्त्याला लागल्यावर दुसरा. हाराच्या पाकळ्या सुटून आमच्या तोंडावर, केसांवर उडत होत्या. वानलेसवाडीपाशी रामरक्षा थांबली.

"हेमा," सासूबाई म्हणाल्या, "ती पुढची फटफटी फार रेंगाळतेय."

"मागे टाकू?"

"मला कशाला विचारतेस? चालवतेयस तू."

मी फटफटी मागे टाकली. त्या लहान मुलीसारख्या हसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं हसताना बघितलं नव्हतं. मलाही हसू आवरेना. आम्ही दोघी हसत हसत विश्रामबागेपर्यंत गेलो आणि तिथं बॉनेटमधून वाफ यायला लागली. एवढ्या जाड हारातून इंजिनाला वारा मिळणार कुठून? गाडीनं एका रसवंतीसमोर मोठा उसासा सोडला आणि ती बंद पडली.

क्षणात माणसं जमली. कुणी डॅशबोर्डवरची वेलबुट्टी बघत होतं, कुणी हॉर्न दाबून बघत होतं. फेटेवाले एक पाहुणे इकडे तिकडे बघत म्हणाले, "आजी, गडीमाणूस कुठाय? गाडी आणली कुणी?"

सासूबाईंनी केसांतल्या पाकळ्या काढल्या, तबक मांडीवर नीट ठेवलं आणि त्यांच्याकडे असं बघितलं की मला कांदेपोह्यांचा दिवस आठवला.

"आमच्याकडे गाड्या बायकाच चालवतात," त्या म्हणाल्या.

मी हार काढला, रसवंतीवाल्याकडून बादलीभर पाणी घेतलं, इंजिन निवू दिलं. सासूबाईंनी उसाचा रस मागवला आणि सीटवर बसूनच प्यायल्या. ग्लास रिकामा होतो न होतो तोच लांबून एक सायकल येताना दिसली. वर गुडघे बाहेर काढून, घामानं निथळत हे. पाठोपाठ टांग्यातून बाकीचे तिघं. दामूअण्णांच्या कोटाचा एक झुपका वाटेत गळाला होता.

ह्यांनी सायकल भिंतीला टेकवली. गाडीभोवती एक चक्कर मारली, माझ्या बाजूला आले, आणि धाप लागलेली असतानाच विचारलं, "किती फुटल्या?"

"एकही नाही," मी म्हणाले.

हे हसले, तसेच, त्या दिवशीसारखे. मग पलीकडच्या बाजूला गेले आणि दाराच्या मुठीला हात घातला. चौघांना दिलेली ती सीट ह्यांना स्वतःलाही हवी होती, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

सासूबाईंनी आतून दार ओढून घेतलं.

"तू धक्का मार," त्या म्हणाल्या.